टाइप २ मधुमेह आणि सुप्त क्षयरोग संसर्ग : इग्रा चाचणी पॉझिटिव्ह आली तर प्रतिबंधक औषधे घ्यावीत का?

चांदणवेल (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६१ आहे आणि त्यांना बऱ्याच वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. ते मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात. शेवटच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.४ टक्के आले. पायांच्या बोटांना अधूनमधून मुंग्या येतात. मूत्रपिंडाचे अहवाल अजून ठीक आहेत.

अलीकडे केलेल्या सर्वसाधारण तपासणीत त्यांची इग्रा ही रक्तचाचणीही झाली आणि ती पॉझिटिव्ह आली. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे यांपैकी काहीही नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये कॅल्शियम साचलेला एक लहानसा ठिपका सोडला तर फुप्फुसे स्वच्छ आहेत. एका डॉक्टरांच्या मते हा सुप्त क्षयरोग आहे आणि मधुमेह असल्यामुळे प्रतिबंधक औषधे लगेच सुरू करायला हवीत. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले की केवळ मधुमेहासाठी ही औषधे देत नाहीत, साखर ताब्यात आणा आणि लक्ष ठेवा. दोघेही अनुभवी आहेत, त्यामुळे कोणाचे ऐकावे हे आम्हाला ठरवता येत नाही. वडिलांना हा आजार झाला आहे का, त्यांच्यापासून घरातल्यांना लागण होईल का, आणि औषधे घेतल्यास मधुमेहाच्या गोळ्यांवर त्यांचा काय परिणाम होईल, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

श्वासमार्ग

मी छातीविकारांचा डॉक्टर आहे. आपल्या वडिलांना तपासल्याशिवाय निर्णय देता येणार नाही, पण निर्णय कोणत्या गोष्टींवर अवलंबून असतो ते सविस्तर सांगतो.

प्रथम भीतीचा भाग. सुप्त संसर्ग म्हणजे क्षयरोग नव्हे. क्षयाचा जंतू कधीतरी श्वासावाटे शरीरात गेला, प्रतिकारशक्तीने त्याला पेशींच्या गाठीत कोंडून ठेवले, आणि त्या व्यक्तीला आजाराचे कोणतेही लक्षण नाही, अशी ही अवस्था असते. या अवस्थेतील माणूस खोकल्यातून जंतू बाहेर टाकत नाही, म्हणून त्याच्यापासून कोणालाही लागण होत नाही. वडिलांची भांडी किंवा खोली वेगळी करण्याची काहीही गरज नाही. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना असा संसर्ग झालेला असावा, असा अंदाज आहे.

इग्रा चाचणीत रक्तातील पेशींना क्षयाच्या जंतूची ठरावीक प्रथिने दाखवतात आणि त्या पेशी इंटरफेरॉन गॅमा किती सोडतात हे मोजतात. ही प्रथिने बीसीजी लशीत नसतात, त्यामुळे लहानपणी टोचलेल्या लशीमुळे ही चाचणी पॉझिटिव्ह येत नाही. कातडीत ट्युबरक्युलिन टोचून केल्या जाणाऱ्या माँटू चाचणीत मात्र तो गोंधळ होऊ शकतो. तरीही इग्राची एक मोठी मर्यादा आहे आणि तिच्यामुळेच दोन डॉक्टरांची दोन मते होतात. शरीराला या जंतूची ओळख आहे, एवढेच ती सांगते. ओळख गेल्या वर्षी झाली की ४० वर्षांपूर्वी, जंतू अजून जिवंत आहे की नाही, आणि पुढे आजार होईल का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे नसते.

संसर्ग झालेल्या व्यक्तींपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष क्षयरोग होतो आणि त्यातील सुमारे निम्म्यांना तो संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच होतो. मधुमेहामुळे ही शक्यता दुप्पट ते तिप्पट होते. इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. मधुमेहींमध्ये सुप्त संसर्गाचे प्रमाण इतरांपेक्षा थोडेसेच जास्त आढळते. खरा फरक पडतो तो संसर्गाचे आजारात रूपांतर होण्याच्या टप्प्यावर. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे फुप्फुसातील भक्षक पेशी जंतूला गिळण्यात आणि त्याची खबर पुढच्या पेशींना देण्यात मंदावतात, आणि तेवढ्या अवधीत जंतूला वाढायला सवड मिळते.

असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मधुमेह हे एकमेव कारण असेल तर सरसकट चाचणी आणि प्रतिबंधक उपचार करण्याची शिफारस नाही. शिफारस आहे ती एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्ती, क्षयरुग्णाच्या घरातील माणसे, डायलिसिसवर असलेले रुग्ण, अवयव प्रत्यारोपणाच्या तयारीत असलेले, सिलिकोसिस (दगडाच्या धुळीमुळे होणारा फुप्फुसाचा विकार) झालेले आणि टीएनएफ-विरोधी औषधे (संधिवातासारख्या आजारांत प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिली जाणारी) सुरू करणारे, अशा गटांसाठी. मधुमेही व्यक्ती यांपैकी एखाद्या गटात असेल तर चित्र पूर्ण बदलते. डायलिसिसचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण मधुमेहामुळे मूत्रपिंडे निकामी झालेल्या अनेकांच्या बाबतीत या संसर्गाचा विचार वेळेवर होत नाही.

एक्स-रेविषयी : कॅल्शियम साचलेला एकटा ठिपका ही सहसा जुन्या, शांत झालेल्या संसर्गाची खूण असते आणि तिच्यामुळे धोका फारसा वाढत नाही. फुप्फुसाच्या वरच्या भागात तंतुमय व्रण असते आणि क्षयावर पूर्वी कधी उपचार झालेले नसते, तर मी अधिक काळजीत पडलो असतो. तेव्हा तो एक्स-रे छातीविकारतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा, केवळ छापील अहवालावर थांबू नका.

आता मला आपल्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. गेल्या दोन-तीन वर्षांत घरात किंवा सतत एकत्र वावरणाऱ्यांपैकी कोणाला फुप्फुसाचा क्षयरोग झाला होता का? वडिलांनी स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे कोणतेही औषध घेतले आहे का? त्यांना यकृताचा विकार किंवा मद्यपानाची सवय आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे.

सायंतारा

मी डॉक्टर नाही. मधुमेह असताना हे उपचार घेतलेली व्यक्ती आहे. माझ्या मुलीला क्षयरोग झाल्याचे निदान झाले तेव्हा घरातल्या सर्वांची तपासणी झाली आणि मला आठवड्यातून एकदा घ्यायची औषधे तीन महिन्यांसाठी देण्यात आली. आपण आजारी नाही हे ठाऊक असताना एका वेळी इतक्या गोळ्या गिळणे मनाला जड जाते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. काही त्रास होत असेल तर माणूस औषध घेतो. इथे त्रास औषधानेच होतो. मला गोळ्यांच्या दिवशी मळमळ व्हायची आणि संध्याकाळपर्यंत अंग दुखायचे.

वडिलांनी औषधे घ्यायची ठरवली तर एक गोष्ट आवर्जून करा. त्या दिवशी मळमळीमुळे जेवण टळले आणि ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली गेली, तर साखर एकदम खाली येऊ शकते. हे मला परिचारिकेने आधीच बजावले होते, म्हणून मी गोळ्यांसाठी असा वार निवडला की घरी कोणीतरी असेल आणि थोडेथोडे का होईना, पोटात काही जाईल. औषधाच्या दिवशी लघवी नारिंगी होते, त्याने घाबरू नका.

तर्कशील

श्वासमार्ग यांच्या विवेचनाबद्दल आदर राखून एक आक्षेप नोंदवतो. मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करतो. मधुमेहींना सरसकट उपचार देऊ नयेत, या भूमिकेमागे मुख्यतः पुराव्याचा अभाव आहे. उपचार निरुपयोगी ठरल्याचा पुरावा तिच्यामागे नाही. मधुमेहींना क्षयरोग झाला तर मृत्यूची शक्यता इतर क्षयरुग्णांच्या तुलनेत बरीच वाढते, आणि उपचार पूर्ण झाल्यावर आजार उलटण्याचे प्रमाणही अधिक असते. जगात मधुमेहींची संख्या कोट्यवधींनी वाढत असताना प्रत्येकाचा धोका थोडाच वाढतो असे म्हणून थांबणे मला पटत नाही. पूर्वी आयसोनियाझिड सहा ते नऊ महिने रोज घ्यावे लागे. आता रिफापेंटिन आणि आयसोनियाझिड यांचे आठवड्यातून एक असे बारा डोस पुरतात. औषधोपचार इतके सुटसुटीत झालेले असताना चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या मधुमेही माणसाला थांबा आणि पाहा असे का सांगायचे?

श्वासमार्ग

आपला आक्षेप योग्य जागी आहे, आणि समाजाच्या पातळीवर तो प्रश्न खुला आहे असेच मीही मानतो. टांझानिया आणि युगांडामध्ये मधुमेहींवर याच बारा डोसांच्या उपचाराची चाचणी हाती घेतली गेली, ती याच प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी. पण समोर बसलेल्या एका माणसासाठी हिशोब वेगळा मांडावा लागतो.

संसर्ग फार जुना असेल आणि नव्याने लागण होण्याची शक्यता कमी असेल, तर आजार होण्याचा धोका वर्षाला हजारात सुमारे एक किंवा त्याहूनही कमी असतो. मधुमेहामुळे तो तिप्पट झाला असे धरले तरी हजारात तीन होतो. उलट बाजूला आयसोनियाझिडमुळे यकृताला होणारी इजा वयानुसार वाढते. जुन्या मोठ्या पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हजारात वीस, आढळले होते. बहुतेकांना औषध वेळीच थांबवले की बरे वाटते, पण क्वचित प्रसंगी ही इजा जिवावर बेतते. धोका दरवर्षी साचत जातो आणि औषधाचा त्रास एकदाच होतो, हे मान्य. म्हणून ३५ वर्षांच्या मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत माझे उत्तर औषधाच्या बाजूने झुकू शकते आणि पंचाहत्तरीच्या यकृतविकारी व्यक्तीच्या बाबतीत विरुद्ध बाजूने. रिफापेंटिनच्या बारा डोसांत यकृताची इजा कमी होते, हेही खरे आहे. मात्र त्या औषधाचा मधुमेहाच्या गोळ्यांशी संबंध येतो, आणि तिथे नव्या अडचणी उभ्या राहतात.

आणखी एक गोष्ट. क्षयरोगाचा प्रसार जिथे सतत चालू असतो, तिथे एकदा घेतलेला प्रतिबंधक उपचार पुढच्या नव्या संसर्गापासून संरक्षण देत नाही. साखरेवरचे नियंत्रण मात्र जुन्या आणि नव्या दोन्ही संसर्गांच्या बाबतीत उपयोगी पडते. हाँगकाँगमधील वृद्धांच्या एका मोठ्या पाहणीत ज्या मधुमेहींचे एचबीए१सी ७ टक्क्यांच्या खाली होते त्यांच्यात क्षयरोगाचा धोका वाढलेला दिसला नाही. वाढ दिसली ती ७ आणि त्याहून अधिक असलेल्यांमध्ये. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण ८.४ टक्के हा आकडा वाचून माझ्या मनात आधी साखरेचा विचार आला, तो यामुळे.

चांदणवेल

सर्वांचे मनापासून आभार. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते. वडील मद्यपान करत नाहीत, यकृताचा आजार नाही, स्टेरॉइडही कधी घेतलेले नाही. मात्र गेल्या वर्षी माझे काका आमच्याकडे राहायला होते आणि त्यांना फुप्फुसाचा क्षयरोग झाला होता. त्यांच्या थुंकीत जंतू सापडले होते. निदान होईपर्यंत ते आणि वडील एकाच खोलीत झोपत असत. काकांचे उपचार पूर्ण झाले असून ते आता बरे आहेत. यामुळे आपले मत बदलते का?

श्वासमार्ग

होय, पूर्णपणे बदलते. थुंकीत जंतू असलेल्या रुग्णाबरोबर एकाच खोलीत झोपलेली व्यक्ती हा घरातील निकट संपर्क झाला, आणि त्या गटासाठी प्रतिबंधक उपचारांचा विचार करण्याची शिफारस आहेच; मधुमेह नसता तरी ती लागू झाली असती. संसर्ग अलीकडचा असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणजे वडील त्या पहिल्या दोन वर्षांच्या काळात आहेत. मी वर मांडलेला हजारात तीनचा हिशोब त्यांना लागू होत नाही. त्यांचा धोका त्याच्या कितीतरी पट आहे.

पण औषध सुरू करण्यापूर्वी दोन कामे करावीच लागतात. पहिले, प्रत्यक्ष आजार नाही याची खात्री करणे. मधुमेहींमध्ये क्षयरोग कधी कधी फुप्फुसाच्या खालच्या भागात दिसतो आणि एक्स-रे पाहणाऱ्याला तो साध्या न्यूमोनियासारखा वाटतो. वजन घटले तर घरचे आणि डॉक्टरही ते साखरेच्या माथी मारून मोकळे होतात. म्हणून एक्स-रे जुना झाला असेल तर नवा काढा, आणि खोकला किंवा शंकास्पद सावली असेल तर थुंकीची तपासणी करा. लपलेला आजार असताना प्रतिबंधाची एक-दोन औषधे दिली तर ती अपुरी पडतात आणि जंतू त्यांना दाद देईनासा होण्याचा धोका निर्माण होतो.

दुसरे, काकांच्या जंतूवर कोणती औषधे चालत होती, तो अहवाल शोधून काढा. जंतू नेहमीच्या औषधांना दाद देणारा असेल तर बारा डोसांचा किंवा आयसोनियाझिडचा पर्याय राहतो. तो फक्त आयसोनियाझिडला दाद देत नसेल तर चार महिने रिफाम्पिसिन दिले जाते. रिफाम्पिसिनलाच दाद देत नसेल तर सहा महिने रोज लिव्होफ्लॉक्सासिन देण्याची शिफारस आहे. ते औषध मधुमेहींमध्ये साखर एकदम वर किंवा खाली नेऊ शकते, त्यामुळे हा अहवाल मिळवल्याशिवाय घाईने काही सुरू करू नका.

ग्रंथीतज्ज्ञ

मधुमेहाच्या गोळ्यांचा प्रश्न अजून उत्तराविना आहे, म्हणून लिहितो आहे. मधुमेहाच्या रुग्णांना ही औषधे दिली जातात तेव्हा त्यांची साखर सांभाळण्याचे काम माझ्याकडे येते.

रिफाम्पिसिन आणि रिफापेंटिन ही औषधे यकृतातील काही विकरांचे (एन्झाइमांचे) काम वाढवतात. परिणामी इतर अनेक औषधे शरीरातून लवकर निघून जातात. ग्लिमेपिराइड आणि त्याच्या जातीच्या गोळ्या, रेपाग्लिनाइड, पायोग्लिटाझोन, सॅक्साग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन आणि कॅनाग्लिफ्लोझिन या सर्वांचा प्रभाव कमी-अधिक प्रमाणात घटतो. मेटफॉर्मिन मूत्रपिंडावाटे बाहेर जाते आणि या विकरांवर अवलंबून नसते, त्यामुळे ते सहसा आहे तसे चालू ठेवता येते. मेटफॉर्मिन आणि क्षयाची ही औषधे या दोन्हींनी पोट बिघडू शकते एवढे लक्षात असू द्यावे. इन्सुलिनवरही या विकरांचा परिणाम होत नाही. मधुमेहींना सहसा दिली जाणारी इतर औषधेही पाहावी लागतात : रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन किंवा लोसार्टन, कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्व्हास्टॅटिन, रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन. वडील घेत असलेल्या सर्व औषधांची यादी, आयुर्वेदिक आणि दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्यांसह, डॉक्टरांपुढे ठेवा.

विकरांवरचा हा परिणाम पूर्णपणे दिसायला साधारण दोन आठवडे लागतात आणि औषध थांबल्यावर ओसरायलाही तेवढाच काळ लागतो. या दुसऱ्या टप्प्याकडे फार कमी लोकांचे लक्ष असते. उपचार चालू असताना साखर वाढली म्हणून ग्लिमेपिराइडचा डोस वाढवला जातो, मग उपचार संपतात, सर्वांना हायसे वाटते आणि वाढवलेला डोस तसाच राहतो. त्यानंतरच्या पंधरवड्यात गोळीचा प्रभाव पूर्ववत होतो आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. साठीच्या पुढच्या माणसात, विशेषतः रात्री, ही अवस्था अत्यंत गंभीर ठरते. म्हणून शेवटच्या डोसानंतरच्या काळासाठी डॉक्टरांची भेट आधीच ठरवून ठेवा. वडिलांचे एचबीए१सी आधीच ८.४ टक्के असल्याने, या तीन महिन्यांपुरते तरी ग्लिमेपिराइडऐवजी किंवा त्याच्या जोडीला रात्रीचे इन्सुलिन द्यावे का, हा प्रश्न मी त्यांच्या डॉक्टरांपुढे नक्की मांडेन.

या काळात एचबीए१सीवर विसंबू नका. ती गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, आणि उपचारच तीन महिन्यांचे असतील तर ती खबर उशिरा पोहोचते. घरच्या घरी ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर पाहून ती वहीत लिहावी. पहिले तीन आठवडे आणि औषध संपल्यानंतरचे तीन आठवडे हे अधिक वेळा करावे.

पायांच्या मुंग्यांविषयी आपण लिहिले, ते बरे झाले. आयसोनियाझिडमुळे शरीरातील जीवनसत्त्व बी६ कमी पडते आणि नसांना इजा होऊ शकते. मधुमेहामुळे ज्यांच्या नसा आधीच नाजूक झाल्या आहेत त्यांना पायरिडॉक्सिन, म्हणजेच बी६, सोबत द्यायलाच हवे. दिवसाला २५ ते ५० मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस आहे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये बी१२ देखील कमी झालेले असू शकते, तेव्हा औषध सुरू होण्यापूर्वी तेही तपासून घ्या, म्हणजे नंतर मुंग्या वाढल्या तर कारण शोधताना चाचपडावे लागणार नाही.

यकृताच्या रक्तचाचण्या सुरुवातीला आणि नंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे कराव्यात. भूक पूर्ण जाणे, सतत उलट्या, पोटाच्या उजव्या वरच्या बाजूला दुखणे, डोळे पिवळे होणे, यांपैकी काहीही झाले तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लघवीचा रंग या औषधांमुळे तसाही बदलतो, त्यामुळे कावीळ ओळखण्यासाठी डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात पाहणे अधिक खात्रीचे.

चांदणवेल

काकांचा अहवाल मिळाला. जंतू सर्व नेहमीच्या औषधांना दाद देणारा होता. वडिलांसाठी छातीविकारतज्ज्ञ आणि मधुमेहाचे डॉक्टर या दोघांचीही वेळ घेतली आहे आणि आपण सांगितलेले मुद्दे लिहून नेणार आहे. शेवटचे दोन प्रश्न. उपचार पूर्ण झाल्यावर इग्रा निगेटिव्ह आली की नाही हे पुन्हा तपासावे का? आणि माझा मुलगा चार वर्षांचा आहे. काका घरी होते तेव्हा तोही घरातच होता. त्याला काही करावे लागेल का?

श्वासमार्ग

इग्रा पुन्हा करू नका. यशस्वी उपचारानंतरही ती अनेक वर्षे पॉझिटिव्ह राहू शकते, आणि तिच्यावरून उपचार लागू पडले की नाही हे कळत नाही. उपचार कोणत्या तारखेला सुरू झाले, कोणते औषध होते आणि किती डोस पूर्ण झाले याची लेखी नोंद वडिलांच्या कागदपत्रांत ठेवा. पुढे कोणी पुन्हा चाचणी केली तर तीच उपयोगी पडेल. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकणारा खोकला, ताप किंवा कारण न समजता घटणारे वजन दिसले, तर उपचार झालेले असले तरी नव्याने तपासणी करायला हवी.

मुलाची तपासणी मात्र वडिलांच्याही आधी, याच आठवड्यात करून घ्या. पाच वर्षांखालील मुलांमध्ये संसर्गाचे आजारात रूपांतर मोठ्यांपेक्षा लवकर आणि अधिक प्रमाणात होते, आणि मेंदूच्या आवरणाचा क्षय होण्याची भीतीही याच वयात जास्त असते. क्षयरुग्णाच्या घरातील या वयाच्या मुलांना आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक उपचार देण्याची शिफारस आहे, त्यासाठी चाचणी पॉझिटिव्ह असण्याचीही अट नाही. काका घरी असताना त्याची तपासणी झाली होती का, त्याचे वजन गेल्या काही महिन्यांत अपेक्षेप्रमाणे वाढले आहे का, आणि खोकला किंवा अधूनमधून ताप येतो का, एवढी माहिती बालरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत द्या.